डायरेक्ट फॅन

गाडीतला गरमीचा काटा लाल पट्टीकडं सरकायला लागला तेव्हा माय मला स्वतःची आई समजून बोलत होती.

"माय व, मले घरी ने न," ती म्हणत होती. "लय ऊन हाय इथं."

तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. अंग असं तापलेलं, की माझ्या सलवारीतून चटका लागत होता, आणि घामाचा मात्र एक थेंब नव्हता. मी तिच्या अंगावरचं ओलं धोतर पुन्हा भिजवलं. पायाशी पाण्याच्या दोन कॅन होत्या. खिडक्या सताड उघड्या होत्या आणि त्यातून मे महिन्याचा वारा भट्टीच्या तोंडातून यावा तसा येत होता. तरी धोतर ओलं असेतोवर तो वारा मायच्या कामाचा होता. डॉक्टरांनी तेच बजावून सांगितलं होतं.

सकाळपासून माय कुरडयांच्या मागे लागली होती. आधी चुलीपुढं बसून चीक शिजवला, मग सोऱ्या घेऊन टिनाच्या छपरावर चढली. "उन्हं चढायच्या आत उतर," असं मी दोनदा खालून ओरडले. पण मायनं हातात घेतलेलं काम अर्धवट सोडल्याचं मुकुटबनात कोणी पाहिलेलं नाही. दुपारी ती शिडी उतरली आणि अंगणात उभी राहून मला म्हणाली, "लग्नाचे पाहुणे आले काय?" घरात कोणाचंही लग्न नव्हतं. मग ती खाली बसली आणि बसल्या जागी आडवी झाली.

गावातल्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी ताप पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. सलाईन लावायला त्यांना शीर सापडेना. बर्फ नव्हता. रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन यवतमाळला गेलेली. "वणीला न्या. लगेच न्या," ते म्हणाले. "वाटेत हिचं अंग सतत ओलं ठेवा, वारा लागू द्या. एवढं केलंत तर वाचेल. पाणी कमी पडू देऊ नका."

गाडी आमच्या अंगणातच उभी होती. आमची नव्हे; आमच्याकडं कधीच चालती गाडी नसायची. बाबा मिस्त्री असल्यामुळं अंगणात गाड्या पुष्कळ, पण एकीचं इंजीन जमिनीवर तर दुसरीची चाकं विटांवर. ही पांढरी गाडी ढवस गुरुजींची होती. गरम होते म्हणून त्यांनी आणून लावली होती आणि बाबांनी ती आदल्याच दिवशी दुरुस्त केली होती.

गरम होणारी गाडी म्हटलं की गुणवंत मिस्त्री, असं आमच्या भागात समीकरणच होतं. बाबांचा उपाय ठरलेला असे. रेडिएटरच्या पुढं विजेवर चालणारा पंखा असतो. पाणी तापलं की एक स्विच तो पंखा सुरू करतो, निवलं की बंद करतो. स्विच बिघडला की पंखा लागत नाही आणि इंजीन उकळायला लागतं. बाबा नवा स्विच मागवायच्या भानगडीत पडत नसत. ते स्विचच्या दोन्ही वायरी कापत, सोलत, एकमेकींना पीळ देत आणि वरून टेप गुंडाळत. मग चाबी फिरवली की पंखा सुरू, तो गाडी बंद होईपर्यंत सुरूच. याला म्हणत फॅन डायरेक्ट करणं. विदर्भात सगळेच मिस्त्री करतात. आपल्या उन्हाला स्विच कशाला पाहिजे, असं बाबा गिऱ्हाइकाला हसून सांगत, आणि गिऱ्हाईकही खूश होऊन जाई.

तर त्या गाडीत आम्ही तिघं होतो. बाबा स्टिअरिंगवर, मागे मी आणि माय.

"बाबा, काटा पाहा," मी म्हटलं.

"पायला." त्यांनी वेग कमी केला. "पाणी कमी झालं असन."

"तुम्ही कालच भरलं ना?"

"भरलं होतं. कुठून तरी गळून रायलं."

वेग कमी केल्यावर काटा आणखी वर गेला. बाबांनी एका पळसाच्या झाडाखाली गाडी थांबवली, बंद केली आणि बॉनेट उघडलं. टोपणावर फडकं धरून जरासं फिरवलं तर वाफेचा असा फवारा उठला, की ते दोन पावलं मागे झाले. मग त्यांनी मागचं दार उघडून एक कॅन उचलली.

"ते मायचं पाणी आहे," मी म्हटलं.

"थोडंसंच टाकतो."

थोडंसं कसलं! अर्ध्याच्या वर कॅन त्यांनी ओतली. मी दुसऱ्या कॅनीतलं पाणी ओंजळीनं मायच्या कपाळावर, मानेवर, काखेत घालत राहिले. गाडी थांबल्यामुळं वारा नव्हता. माय तोंडानं श्वास घेत होती आणि तिच्या ओठांवर पांढरं फेसासारखं काही जमलं होतं. ते मी ओढणीनं पुसलं. इतकी भीती मला त्याआधी कधी वाटली नव्हती.

पुन्हा निघालो. पुढचा रस्ता मोकळा होता. बाबांनी गाडी दामटली आणि काटा चक्क खाली आला. बाबांच्या खांद्यांवरचा ताण उतरलेला मला मागून दिसला.

"पाय, आला न जाग्यावर? पाणीच कमी होतं."

मलाही हायसं वाटलं. मी मायला म्हटलं, "आता पोचतोच आपण." ती म्हणाली, "कुरड्या उलट्या केल्या काय?" मी म्हटलं, "केल्या." वाळत घातलेल्या कुरडया वर तशाच पडल्या होत्या.

मग रस्त्याचं काम लागलं. एक बाजू खोदून ठेवलेली, दुसऱ्या बाजूनं कोळशाचे ट्रक एकामागं एक सरपटत चाललेले. आम्ही त्यांच्या मागे अडकलो. काळी धूळ खिडकीतून आत येऊन मायच्या ओल्या धोतरावर बसायला लागली. गाडी खड्ड्यातून आपटत होती. आणि काटा पुन्हा चढायला लागला.

मी मिस्त्रीची मुलगी. पाने-स्क्रूड्रायव्हर हीच माझी खेळणी. तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते तरी सुट्टीत बाबांच्या हाताखाली काम करायचे. माझ्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला.

"बाबा, पाण्याचं नाही हे. फॅन बंद आहे."

"काय?"

"गाडी पळाली की काटा उतरतो. हळू झाली की चढतो. पळताना वाऱ्यानं थंड होते, हळू झाली की थंड करायला काही नाही. फॅन चालत नाही बाबा. उतरून बघा."

"फॅन डायरेक्ट आहे, निमे."

"असू द्या. बघा तर खरं."

"अवो, डायरेक्ट आहे म्हणून सांगून रायलो न! स्विचचा असता तं बंद पडला असता. डायरेक्ट कायले बंद पडन?" त्यांचा आवाज चढला. बाबांचा आवाज फार क्वचित चढे. "हेड गेलं असन गाडीचं, इंजिनाचं वरचं झाकण. पाणी खाऊन रायली इंजिनात. त्या गुरुजीनं आधीच लय गरम चालवली. आता काही करता येत नाई, फक्त पोचवता येते."

मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते. त्या गोंगाटात पंखा चालू की बंद हे आतून कळणं शक्यच नव्हतं.

"हीटर लाव," बाबा म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"सीटामधून हात घाल न ते बटन पुरं फिरव. मले हात सोडता येत नाई. इंजिनाची गरमी हीटरनं आत ओढली जाते. तेवढीच इंजिनाले मदत."

हे खरं आहे, कोणीही मिस्त्री सांगेल. पण ती गरमी आत येणार होती, आणि आत माय होती.

"बाबा, मायला सहन होणार नाही."

"गाडी बंद पडली तं काय सहन होईन तिले? लाव म्हणतो न!"

मी हात लांब करून बटण फिरवलं. समोरच्या जाळीतून आधी धूळ आली, मग गरम वारा. मी मायच्या अंगावर ओणवी झाले, तिला माझ्या पाठीनं झाकायला. एखादी गोष्ट आपल्या अंगानं अडवता येते असं त्या वयात वाटतं. धोतर बघता बघता कोरडं झालं.

"चूल विझव व माय," माय म्हणाली. "चूल विझव. मी जळून रायली."

बाबांनी ते ऐकलं. आरशात त्यांचे डोळे मला दिसले. ते ताबडतोब रस्त्याकडं वळले.

ट्रकच्या रांगेतून सुटायच्या आतच बॉनेटच्या फटीतून वाफ यायला लागली. बाबांनी गाडी कडेला घेतली. तिथं झाड नव्हतं, घर नव्हतं, नुसतं भाजलेलं शेत. ट्रक जातच राहिले. मी एकाला हात केला, तर त्यानं हॉर्न दिला आणि पुढं गेला. त्याच्या मागे दुसरा ट्रक चिकटलेला, थांबणार तरी कुठं?

इंजीन थोडं निवेपर्यंत बाबा बॉनेटला हात टेकून उभे राहिले. मग मागे आले. एक कॅन रिकामी झाली होती. दुसरीत तळाला उरलं होतं तेवढंच पाणी. मी ती कॅन दोन्ही हातांनी छातीशी धरली.

"दे, निमे."

"नाही."

"गाडीत पाणी नाई. सुरू केली तं जाम होईन."

"डॉक्टर काय म्हणाले ऐकलं ना तुम्ही?"

"ऐकलं." बाबा दाराशी उकिडवे बसले. त्यांच्या तोंडावर काळी धूळ होती आणि त्यातून घामाचे ओघळ गेले होते. "हे पाणी तिच्या अंगावर टाकलं तं किती वेळ पुरन? मंग आपुन इथंच बसू. गाडीत टाकलं तं वणीले पोचू. तूच सांग मले. तू सांगशीन तसं करतो."

माझ्यावर सोडून ते मोकळे झाले असं मी म्हणणार नाही. त्यांना खरंच कळत नव्हतं. मलाही कळत नव्हतं. मी ओंजळभर पाणी घेऊन मायच्या तोंडावरून फिरवलं आणि कॅन त्यांच्या हातात दिली.

त्यांनी पाणी ओतलं. मग येऊन चाबी फिरवली. गाडी घरघरत सुरू झाली. बॉनेट लावायला ते पुन्हा पुढं गेले. त्या वेळी ट्रकच्या रांगेत थोडी फट पडली होती, रस्ता क्षणभर शांत होता. मागचं दार उघडं होतं. मला इंजिनाचा आवाज आला. नुसता इंजिनाचा.

"बाबा!" मी जीव खाऊन ओरडले. "फॅनचा आवाज कुठं आहे?"

ते वाकले. बॉनेट उघडं असल्यामुळं मला त्यांचं तोंड दिसत नव्हतं, फक्त उघड्या दारातून एका बाजूचं, खांद्याखालचं अंग दिसत होतं. ते अगदी निश्चल झालं. मग कोपर हललं, पीळ देताना हलतं तसं. फार नाही, जरासंच. आणि पंखा फर्रकन सुरू झाला.

मायचे ओठ पुसायला लागावा, तेवढाच वेळ लागला होता त्या कामाला.

बाबांनी बॉनेट आपटलं नाही. हळूच खाली आणलं आणि तळहातानं दाबून बसवलं. आत येऊन बसले. हीटरचं बटण बंद केलं. वणीपर्यंत काटा मध्यावर उभा राहिला, ट्रकच्या मागेही आणि रेल्वेच्या फाटकाशी थांबलो तेव्हाही. माय आता कोणालाच हाक मारत नव्हती.

दवाखान्यात पोचलो तेव्हा ती जिवंत होती. स्ट्रेचर, बर्फ, नळ्या, सगळं झालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "एवढा वेळ का लागला? अंग कोरडं कसं हिचं?"

"गाडी गरम झाली मॅडम," बाबा म्हणाले.

संध्याकाळी माय गेली.

घरी आणल्यावर जो येई तो विचारी आणि बाबा तेच सांगत. "गाडी गरम झाली." दुसऱ्या दिवसापर्यंत लोकांनी त्याचं "गाडीनं घात केला" करून टाकलं. बाबांनी ते दुरुस्त केलं नाही. ते खोटं बोलत नव्हते, गाडी गरम झालीच होती. मी बायकांच्या घोळक्यात बसून ते ऐकत होते आणि मला त्यांचा असा राग येत होता, की रडूही येईना.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर ढवस गुरुजी आले. त्यांची गाडी अंगणात तशीच उभी होती. म्हाताऱ्या माणसानं तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ बाबांपुढं येऊन हात जोडले.

"मिस्त्री, कोणत्या तोंडानं येऊ? माझ्या गाडीनं तुमचं घर उजाड केलं."

बाबा खाली मान घालून बसले होते.

"गरम होते हे मला माहीत होतं. मी ती आणून लावायलाच नको होती तुमच्या दारात." गुरुजींनी जोडलेले हात सोडले नाहीत. "दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. मी ती भंगारात घालतो. पुन्हा कोणाच्या जीवावर उठायला नको."

"नका करू तसं, गुरुजी," बाबा म्हणाले.

"नाही. तुम्ही मला क्षमा केली असं एकदा म्हणा."

मी बाबांकडं पाहत होते. आता बोलतील, आता बोलतील. अंगणातले सगळे पाहत होते. बाबा उठून उभे राहिले. मला वाटलं आत जातात. पण ते गाड्यांकडं गेले.

विटांवर ठेवलेली एक जुनी गाडी होती, वर्षानुवर्षं तिथंच पडलेली. बाबांनी तिच्यात हात घालून रेडिएटरचा स्विच काढला. पाना, पक्कड घेतली. गुरुजींच्या गाडीचं बॉनेट उघडलं.

"भाऊजी, सुतक आहे!" माझे मामा ओरडले. "सुतकात पाना धरता काय? लोक काय म्हणतीन?"

बाबांनी ऐकलं नाही. अनवाणी, उघड्या अंगानं, डोक्याचा नुकता गोटा केलेला, ते त्या इंजिनात वाकून काम करत राहिले. मला ठाऊक होतं ते काय करत होते. तोच पीळ सोडवून स्विच जागेवर बसवत होते. गुरुजी गोंधळून कधी मामांकडं, कधी माझ्याकडं बघत होते.

मग बाबांनी गाडी सुरू केली आणि बाजूला उभे राहिले. जागेवरच चालू ठेवली. बायकांचं रडणं थांबलं होतं. सगळं अंगण एका इंजिनाकडं कान लावून बसलं होतं. खूप वेळ काहीच झालं नाही. पाणी तापलं तसा पंखा आपोआप लागला. थोडं चालून आपोआप थांबला. पुन्हा लागला.

"गुरुजी," बाबा म्हणाले, "गाडी चांगली आहे तुमची. एक स्विच गेला होता. तो माह्या अंगणात पडला होता अन् मी लावला नाई. मी वायरी जोडून देल्या. तो जोड सुटला वाटेत." त्यांनी हाताची पक्कड खाली ठेवली. "जोड माहा होता. गाडीले बोल लावू नका."

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलं, मिस्त्री," गुरुजी कसंबसं म्हणाले. बाबांच्या तोंडाकडं पाहून मला वाटलं, त्यापेक्षा त्यांनी एक थोबाडीत दिली असती तरी बरं.

बाबा माझ्याकडं वळले. "ऐकलं न, निमे? आता बराबर चालते."

"आता कोणाला न्यायचं आहे तिच्यात?" मी म्हटलं.

मोठ्यानं म्हटलं नव्हतं, पण सगळ्यांना ऐकू गेलं. मामींनी माझ्या दंडाला धरलं. बाबांनी खिडकीतून हात घालून चाबी फिरवली, गाडी बंद केली आणि चाबी गुरुजींच्या हातात देऊन आत गेले. त्या बोलण्याचं मला आजही वाईट वाटत नाही. ते त्यांना कोणीतरी म्हणायला हवं होतं आणि म्हणू शकेल असं घरात माझ्याशिवाय कोणी उरलं नव्हतं.

संध्याकाळी शेजारच्यांनी पिठलं-भाकर आणून दिली. पाहुणे पांगले होते. मी दोन ताटं केली आणि बाबांपुढं एक ठेवलं. ते भिंतीला टेकून बसले होते. हातांना वंगण तसंच होतं, नखांत काळं होतं.

बराच वेळ त्यांनी ताटाला हात लावला नाही.

"तू म्हणत होती," ते शेवटी म्हणाले. "फॅन म्हणून."

"हो."

"पयल्या वक्ती थांबलो होतो, तवा नाई. पण मंग म्हणलं होतं तू. ट्रकच्या मांगं."

"हो."

"मी पायलं नाई." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि नुसता हातात धरला. "तवाच उतरून पायलं असतं तं, निमे, तुही माय..."

ते माझ्याकडं बघत होते. पुढचं त्यांना माझ्या तोंडून हवं होतं. वाचली असती किंवा वाचली नसती, दोन्हींतलं काहीतरी एक. त्यातलं खरं कोणतं ते मला माहीत नव्हतं, आणि माहीत असतं तरी मी सांगितलं नसतं.

"जेवा," मी म्हटलं.

ते जेवले.